दुरुस्त केलेला सेट तोच असतो का?

हौशी रेडिओचा पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रान्सीव्हर दुरुस्तीला घेतला की पहिले काही आठवडे प्रश्न तांत्रिकच असतात. आवाज का येत नाही, प्रक्षेपणाची शक्ती निम्मीच का भरते, सेट तापल्यावर डायल का सरकते. एकेक भाग बदलत जावा तसा सेट बोलू लागतो. मग वीस-पंचवीस भाग नवे बसल्यावर एक वेगळाच प्रश्न समोर येतो: जो दुरुस्तीला घेतला होता तोच हा सेट आहे का? तोच असेल तर कशाच्या जोरावर? नसेल तर तो दुसरा झाला कधी?

प्रश्न जुना आहे. वैशेषिकांनी तो कापडावर विचारला, बौद्धांनी रथावर आणि दिव्याच्या ज्योतीवर, जैनांनी सोन्याच्या घड्यावर, ग्रीकांनी जहाजावर. या उदाहरणांच्या रांगेत रेडिओ अगदी अलीकडे येऊन बसला, पण त्याच्याजवळ एक गोष्ट जास्त आहे. घड्याबरोबर घडा कसा असावा हे सांगणारे पुस्तक येत नाही. ट्रान्सीव्हरबरोबर ते येते. त्यात सर्किटचा आराखडा असतो, प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनवर किती व्होल्ट दिसले पाहिजेत याचा तक्ता असतो. वस्तू एकीकडे आणि ती कशी असायला हवी याचा लेख दुसरीकडे, असे दोन्ही हाताशी असल्यामुळे जुना वाद इथे अधिक नेमकेपणाने मांडता येतो.

त्यासाठी ‘हीथकिट एचडब्ल्यू-१०१’ हा सेट फार उपयोगी आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर गावची हीथ कंपनी मुळात विमानांच्या धंद्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, तिने ऑसिलोस्कोपचे किट विकायला काढले आणि पुढे १९९२ पर्यंत, सुटे भाग व पुस्तिका एका पेटीत घालून ग्राहकाने घरी जोडायची उपकरणे विकली. एचडब्ल्यू-१०१ हा १९७० चा. ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या पाच बँडवर सिंगल साइडबँड आवाज आणि मोर्स करणारा, हिरवट रंगाचा, आत वीस व्हॉल्व्ह असलेला. शेवटच्या टप्प्यात ६१४६ जातीचे दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी, साइडबँडवर १८० वॉट इनपुट.

त्याची रचना थोडक्यात अशी. अँटेनाकडून आलेला संकेत आधी हेटरोडाइन ऑसिलेटरशी मिसळून ८.३९५ ते ८.८९५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणला जातो. ५ ते ५.५ मेगाहर्ट्झ फिरणाऱ्या ऑसिलेटरशी, म्हणजे व्हीएफओशी मिसळून तो ३.३९५ मेगाहर्ट्झवर उतरतो आणि तिथल्या क्रिस्टल फिल्टरमधून गाळून निघतो. बोलताना हाच प्रवास उलट्या दिशेने होतो: तोच फिल्टर, तेच ऑसिलेटर. वाट सामाईक आहे म्हणूनच या यंत्राला ट्रान्सीव्हर म्हणतात.

हे सेट कारखान्यातून जोडून येत नसत. जोडणाऱ्याच्या हाती पुस्तिका असे आणि तिच्यातल्या प्रत्येक कृतीपुढे एक रिकामा कंस. अमुक रेझिस्टर तमुक भोकात घालून सोल्डर केला की त्या कंसात पेन्सिलने खूण करायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. आज जुन्या बाजारात सेटबरोबर पुस्तिका मिळाली तर पानामागून पान या खुणांनी भरलेले दिसते. काही कंस दोनदा खुणावलेले असतात, एखाद्या ओळीखाली आकडेमोड असते. जन्माची इतकी बारीक नोंद दुसऱ्या एखाद्या वस्तूची क्वचितच राहते.

आता सेटमधला एखादा दोष जवळून पाहू. पट्ट्या तपकिरी, काळी, पिवळी: म्हणजे एक लाख ओहमचा कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर, चौथी पट्टी चंदेरी म्हणून दहा टक्क्यांची सूट. एक टोक सोडवून मीटर लावला की एक लाख चाळीस हजार दिसतात. उष्णता आणि दमट हवा खाऊन या जातीच्या रेझिस्टरची किंमत वर्षानुवर्षे वर चढते. रेझिस्टर बिघडला असे म्हटले जाते. पण त्याच्याकडे नुसता पदार्थ म्हणून पाहिले तर त्यात बिघाड कुठेच नाही. ओहमचा नियम तो पहिल्याइतकाच चोख पाळतो. एक लाख चाळीस हजारांचा रेझिस्टर जसा वागायला हवा तसाच तो वागतो आहे. दोष त्याच्या अंगात सापडत नाही. तो रेझिस्टर आणि आराखडा यांच्यामधल्या अंतरात सापडतो.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्रज्ञांनी, अभावाविषयी जे सांगितले ते इथे तंतोतंत लागू पडते. अभाव कधी नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. जमिनीवर घडा नाही हे ज्ञान ज्याला घडा माहीत आहे त्यालाच होते. ज्याचा अभाव, त्याला ते ‘प्रतियोगी’ म्हणतात. व्हॉल्व्हच्या पिनवर शून्य व्होल्ट दिसणे ही नुसती मीटरची सुई आहे. ‘इथे व्होल्टेज नाही’ हे ज्ञान ज्याने तक्ता पाहिला आहे त्याला होते. दुरुस्ती करणारा मीटरने वर्तमान वाचतो आणि पुस्तिकेने प्रतियोगी. दोन्ही हातात नसतील तर सेटमध्ये दोष आहे असे म्हणायलाही आधार नाही. जे यंत्राला ‘खराब’ म्हणतात त्यांनी यंत्राचा हेतू आधीच गृहीत धरलेला असतो.

याच रेझिस्टरपाशी ‘मूळ’ या शब्दाची फाळणी होते, आणि पुढची सगळी अडचण इथूनच निघते. तो जसाच्या तसा ठेवला तर मूळ भाग राहिला, पण मूळ किंमत गेली. काढून नवा एक लाखाचा घातला तर मूळ किंमत परत आली, पण मूळ भाग गेला. दोन्ही एकदम राखता येत नाहीत. ‘सेट मूळ अवस्थेत आहे’ असे म्हणणाऱ्याला यांपैकी कोणते मूळ अभिप्रेत आहे ते विचारल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थच लागत नाही.

दोष शोधण्याची रीत हा ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तिथेही तर्कशास्त्राची जुनी भाषा उपयोगी पडते. सेट ऐकतही नाही आणि बोलतही नाही, तर दोष सामाईक वाटेवर शोधायचा: व्हीएफओ, हेटरोडाइन ऑसिलेटर, क्रिस्टल फिल्टर, वीजपुरवठा. ऐकतो पण बोलत नाही, तर ती वाट निर्दोष ठरते आणि नजर ड्रायव्हर, ६१४६ आणि रिलेकडे वळते. स्पीकरमध्ये जाड गुणगुण असेल तर फिल्टर कंडेन्सर सुकले असावेत. पूर्ण तरंग रेक्टिफायर असेल तर ती गुणगुण ५० सायकलच्या विजेवर १०० हर्ट्झची आणि अमेरिकेतल्या ६० सायकलवर १२० हर्ट्झची असते. संशयित व्हॉल्व्ह काढून चांगला घातला की आवाज येतो, पुन्हा जुना घातला की जातो. असेल तर आहे, नसेल तर नाही, हा अन्वय-व्यतिरेक.

पण नैयायिकांनी अनुमानाला एक इशाराही जोडून ठेवला आहे, तो उपाधीचा. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही. धुराला ओले सरपणही लागते. ती अट नजरेतून सुटली की अनुमान फसते. दुरुस्तीत ही फसगत वारंवार होते. एक कंडेन्सर बदलला, सेट सुरू झाला, कंडेन्सरच खराब होता असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात सोल्डरिंगचे तापलेले टोक आणि बोर्डवर पडलेला दाब यांनी शेजारचा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, तात्पुरता जुळलेला असतो. आठवड्याने सेट पुन्हा मुका होतो. म्हणून काढलेला भाग बाहेर मीटरवर खरोखर खराब निघतो का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष पक्का समजू नये. जो हे पाहत नाही त्याला सेट सुरू झाल्याचे समाधान मिळते, कारण कळत नाही.

प्रत्यक्षही इथे दगा देऊ शकते, आणि ते जिवावर बेतणारे आहे. या सेटला ‘एचपी-२३’ मालिकेतला वेगळा वीजपुरवठा लागतो. ६१४६ च्या प्लेटला त्यातून सुमारे ७०० ते ८०० व्होल्ट मिळतात. स्विच बंद केला, दिवा विझला, तरी त्यातले कंडेन्सर भारित राहू शकतात. बंद दिसणारा सेट बंद आहे असे मानून आत हात घालू नये. रेझिस्टर जोडलेल्या, विद्युतरोधक मुठीच्या सळईने कंडेन्सर रिकामे करावेत, मीटर लावून खात्री करावी आणि मगच काम सुरू करावे.

दोष सापडले, भाग बदलत गेले. आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आल्याचे सांगतो, तेव्हा नागसेन विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके? जू? हे सगळे मिळून? यांच्यापलीकडचे काही? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. मग निघतो तो निष्कर्ष असा की भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात वापरले जाते, नावामागे वेगळी वस्तू सापडत नाही.

एचडब्ल्यू-१०१ च्या बाबतीत ही चौकशी वेगळ्या धारेने करता येते, कारण या सेटचे सगळे भाग एकदा खरोखरच ढिगाच्या रूपात अस्तित्वात होते. १९७० च्या दशकात टपालाने घरी आलेल्या पेटीत चासी होती, व्हॉल्व्ह होते, क्रिस्टल होते, स्क्रू आणि वायरही होती. ट्रान्सीव्हर नव्हता. भाग तेच; आधी सेट नव्हता, नंतर झाला. म्हणजे भागांची बेरीज म्हणजे सेट नव्हे, हे इथे युक्तिवादाने सिद्ध करावे लागत नाही. किटच्या पेटीने ते सिद्ध केलेले आहे.

हा मुद्दा वैशेषिकांच्या बाजूचा आहे. त्यांच्या मते अवयव जुळले की ‘अवयवी’ हे एक नवे द्रव्य उत्पन्न होते आणि ते समवाय संबंधाने अवयवांमध्ये राहते. धाग्यांहून पट वेगळा. मात्र या मताची किंमतही मोठी आहे आणि वैशेषिकांनी ती न कचरता मोजली. पटातला एक धागा काढला की तो पट नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांचा दुसरा पट उत्पन्न होतो. मग ‘तोच पट’ असे का वाटते? सारखेपणामुळे. हे रेडिओला लावले तर एका दुपारी दहा रेझिस्टर बदलणाऱ्याने दहा सेट नाहीसे केले आणि दहा जन्माला घातले असे म्हणावे लागेल. तर्क स्वच्छ आहे, पण दुरुस्ती या शब्दाला त्यात जागाच उरत नाही. ज्याची दुरुस्ती करायची ते दुरुस्त होण्याआधीच संपलेले असते.

न्याय-वैशेषिक परंपरेतला दुसरा एक वाद मात्र फार मोलाचा आहे. कच्चा घडा भट्टीत भाजला की काळ्याचा लाल होतो. वैशेषिक म्हणाले की उष्णतेने घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग बदलतो, आणि त्यांतून नवा घडा बनतो, हा पिलुपाकवाद. नैयायिक म्हणाले की घडा घडाच राहतो, उष्णता त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जाते आणि अख्ख्या घड्याचा रंग पालटतो, हा पिठरपाकवाद. वीस व्हॉल्व्ह तापवणारा आणि गार करणारा सेट ही पन्नास वर्षे पेटत-विझत राहिलेली भट्टीच आहे. कोणी स्क्रूसुद्धा सैल केला नाही तरी आतले रेझिस्टर चढले, कंडेन्सर सुकले, व्हॉल्व्हचे उत्सर्जन घटले. ‘आजवर कोणीच हात न लावलेला सेट’ म्हणून जो मोठ्या किमतीला विकला जातो, त्याला उष्णतेने रोज हात लावलेला असतो. हात न लागणे आणि न बदलणे एक नव्हे. संग्राहकांमध्ये या दोहोंची गल्लत सर्रास होते, आणि ती थांबली पाहिजे.

बौद्ध परंपरेचे उत्तर यातून सुटायला मदत करते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही आणि पूर्ण वेगळीही नाही, कारण एकीतून दुसरी निघत आली. यातले महत्त्वाचे आहे ते सातत्य, संतती. सेटचे भाग एकेक करून बदलले जातात आणि प्रत्येक नवा भाग जुन्यांमध्ये बसून कामाला लागतो. आज बदललेला रेझिस्टर ज्या ६१४६ बरोबर काम करतो तो व्हॉल्व्ह पुढच्या वर्षी बदलला जातो, तेव्हा हा रेझिस्टर जुन्यांच्या बाजूला असतो. साखळी कुठेच तुटत नाही.

शंकराचार्यांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मतावर, घेतलेला आक्षेप स्मृतीचा होता: पूर्वी पाहणारा आणि आज आठवणारा एकच नसेल तर ‘मी ते पाहिले होते’ हे ज्ञान होईल कसे? तो आक्षेप जाणणाऱ्याविषयी आहे, आणि तिथे तो भक्कम आहे. वस्तूंच्या बाबतीत ओळख सारखेपणावरही होऊ शकते. केस कापून पुन्हा वाढले तरी ‘तेच केस’ म्हटले जाते. मुख्य डायल फिरवताना बोटांना येणारी नेहमीची जाणीव मालकाला ‘तोच सेट’ म्हणायला लावते. ती जाणीव मालकाचे सातत्य सिद्ध करते. सेटचे सातत्य दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावे लागते.

इथे किटमुळे एक गुंता वाढतो, आणि तो या विषयाचा गाभा आहे. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. पिवळा आणि नारिंगी यांत दिव्याच्या उजेडात चूक होणे सोपे आहे. समजा १९७२ साली जोडणाऱ्याने एका जागी दहा हजारांचा रेझिस्टर बसवला. कंसात खूण केली. सेट चालला, पण एक बँड कायम मंद राहिला, आणि तो सेट तसाच असतो असे समजून त्याने वीस वर्षे वापरला. आज दुरुस्ती करणाऱ्याला ती चूक सापडते. एक लाखाचा रेझिस्टर घालून तो सेट ‘मूळ’ अवस्थेत आणतो असे म्हणायचे का? हा सेट त्या अवस्थेत कधीच नव्हता. त्याचा स्वतःचा भूतकाळ एक सांगतो, आराखडा दुसरे सांगतो. कारखान्यात जुळलेल्या यंत्रात ही फट सहसा दिसत नाही. किटमध्ये ती उघडी पडते. दुरुस्ती वस्तूच्या इतिहासाशी एकनिष्ठ असते की तिच्या हेतूशी, याचे उत्तर इथे द्यावेच लागते. ते हेतूच्या बाजूने दिले पाहिजे. चूक करणाऱ्या हातानेही तो एक लाखाचाच रेझिस्टर समजून बसवला होता. त्याच्या खुणेचा अर्थ ‘इथे एक लाख आहे’ असा होता. आजची दुरुस्ती त्याचे वाक्य खरे करते.

दुरुस्ती आराखड्याला उत्तर देते. बदल आराखड्यालाच हात घालतो. या दोन वेगळ्या क्रिया आहेत, जरी दोन्ही त्याच सोल्डरिंग गनने होत असल्या तरी. बदल अनेक प्रकारचे असतात. दोन तारांच्या जुन्या दोरीऐवजी अर्थिंगची तिसरी तार देणे हा सुरक्षेचा बदल. त्याला कोणत्याही शुद्धतावाद्याने विरोध करू नये. व्हीएफओ तापून सरकतो म्हणून त्याला लगाम घालणारे छोटे डिजिटल सर्किट जोडणे हा स्थैर्याचा बदल. १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे नवे बँड मिळाले. एचडब्ल्यू-१०१ त्याआधीचा, म्हणून त्यात त्यांपैकी एखादा बँड बसवणे हा विस्ताराचा बदल. आणि कधी चासी रिकामी करून आत आधुनिक मोड्यूल बसवले जाते, बाहेर फक्त हिरवा पत्रा आणि बटणे उरतात.

समंतभद्र या जैन आचार्यांनी ‘आप्तमीमांसा’ ग्रंथात दिलेले उदाहरण इथे चपखल बसते. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला. ज्याला घडा हवा होता त्याला दुःख झाले, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद, आणि ज्याला सोने हवे होते तो शांत राहिला. जैन दर्शन सांगते की तिघेही भ्रमात नाहीत. घड्याचा व्यय खरा, मुकुटाचा उत्पाद खरा, सोन्याचे ध्रौव्य खरे. व्हीएफओला डिजिटल लगाम घातला की असेच होते. ज्याला १९७० चा सेट १९७० सारखा सरकतानाच हवा आहे तो हळहळतो. ज्याला तासभर एकाच फ्रीक्वेन्सीवर गप्पा मारायच्या आहेत तो खूश होतो. दोघांच्या भावना सेटमध्ये खरोखर घडलेल्या गोष्टींना धरून आहेत, म्हणून त्यांच्या भांडणात एकाला मूर्ख ठरवणे चुकीचे आहे.

पण रेडिओतले सोने कोणते, हे ठरवावे लागते. तांबे आणि पत्रा हे तर नव्हे. ते भंगारवाल्याचे सोने. ते संकेताच्या वाटेत शोधायला हवे: ८.३९५ ते ८.८९५, मग ५ ते ५.५, मग ३.३९५. त्या वाटेवर व्हीएफओची जी जागा आहे तिथे व्हॉल्व्ह बसो, ट्रान्झिस्टर बसो की डिजिटल चिप, जागा टिकते आणि जागेचे काम टिकते. घरातला भाडेकरू बदलला म्हणून घर बदलत नाही. चासी रिकामी करून दुसऱ्याच वाटेचे मोड्यूल आत बसवले तर मात्र वाटच गेली. तो सेट दुसरा आहे. बाहेर कितीही जुनी पाटी असो, त्याला एचडब्ल्यू-१०१ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

बदलाला आणखी एक मर्यादा आहे, ती शेजाऱ्यांची. प्रक्षेपक एकट्याचा नसतो, त्याच्या लहरी सगळ्यांच्या अवकाशात जातात. ६१४६ ऐवजी ६१४६बी घातला आणि न्यूट्रलायझेशन पुन्हा जुळवले नाही, तर शेवटचा टप्पा आपणहून आंदोलित होऊन नको त्या ठिकाणी संकेत फेकू शकतो. सेट तोच राहिला का हा वाद घरातला. बाहेर स्वच्छ संकेत जातो का हा प्रश्न त्याच्या आधीचा.

पाश्चात्त्य परंपरेत प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली: अथेन्सवासी कुजलेल्या फळ्या बदलत गेले आणि तत्त्वज्ञ भांडत राहिले. थॉमस हॉब्जने १६५५ च्या ‘दे कॉर्पोरे’ मध्ये तिला कलाटणी दिली: काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जपून त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर हे दुसरे जहाज डब्याच्या रूपात असतेच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काढलेले रेझिस्टर, सुकलेले कंडेन्सर, संपलेले ६१४६. पण फरक आहे. तो डबा पुन्हा जोडला तर एचडब्ल्यू-१०१ चे सगळे दोष परत मिळतील, एचडब्ल्यू-१०१ मिळणार नाही. द्रव्याचा हक्क डब्याकडे, कामाचा हक्क टेबलावरच्या सेटकडे. वस्तू कामासाठी असेल तर निकाल सेटच्या बाजूने लागतो. डब्याकडे उरतो तो पुरावा, आणि पुरावा म्हणून तो जपून ठेवण्याजोगा आहे.

धर्माने हा प्रश्न फार गांभीर्याने हाताळला आहे. यंत्राची आणि देवमूर्तीची बरोबरी इथे करायची नाही. तोचपणाचा भार परंपरा कशावर ठेवते एवढेच पाहायचे आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी आहे. म्हणजे जुने झालेले बदलणे हे पाप किंवा नाइलाज न मानता शास्त्राने त्याची रीत घालून दिली. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी आषाढ अधिक येणाऱ्या ठरावीक वर्षी होतो. अलीकडचा २०१५ मध्ये झाला. लाकडी विग्रह पूर्ण नवे घडवले जातात, जुन्यातला ब्रह्मपदार्थ रात्री गुप्तपणे नव्यात ठेवला जातो आणि जुने विग्रह भूमीत ठेवले जातात. तिथे एक द्रव्य हस्तांतरित होते आणि सेवा अखंड राहते. जपानमधील इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात बांधले जाते, शेवटचे २०१३ मध्ये. इमारतीपुरते पाहिले तर तिथे हस्तांतरित होतो तो मुख्यतः आराखडा आणि बांधण्याची विद्या.

जुन्या ट्रान्सीव्हरची गत दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. त्यात एखादा असा भाग नाही जो गेला की सेट संपला आणि जो राहिला की सेट राहिला. काही हौशी व्हीएफओला हा मान देतात, काही डायलला. मान द्यायला हरकत नाही, पण ते प्रेम आहे, प्रमाण नव्हे. सेट तोच आहे असे म्हणायला तीन गोष्टी लागतात: संकेताची वाट तीच असणे, बदल एकेक करून चालत्या यंत्रात झालेले असणे, आणि काय बदलले ते सांगता येणे. पहिल्या दोन सेटमध्ये दिसतात. तिसरी सेटमध्ये दिसत नाही. नव्याने सोल्डर केलेला रेझिस्टर दहा वर्षांनी जुनाच वाटतो, आणि १९७२ ची चूक व २०२४ ची दुरुस्ती यांत फरक करायला पुढच्या माणसाकडे काहीच उरत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असा सेट आहे त्यांनी समोरच्या पॅनेलला नवे भोक पाडू नये. काढून टाकता येईल असाच बदल करावा. आणि पुस्तिका सेटपासून वेगळी करू नये. हीथच्या निळ्या-पांढऱ्या लेबलवर मॉडेल आणि उत्पादन-मालिकेचा क्रमांक असतो. त्या एका सेटचे पुढचे चरित्र तिथे नसते. पुस्तिकेच्या समासात, पहिल्या जोडणाऱ्याच्या खुणेशेजारी, काढलेला भाग, घातलेला भाग, कारण आणि तारीख एवढे पेन्सिलने लिहून ठेवावे.